पालेभाजी मिळणार नाही

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात पेनाशेजारी एक प्लग गेज असायचा. बोटाएवढी पोलादी कांडी, तेलकट फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळलेली. पिंपरीच्या आमच्या कंपनीत डिझेल इंजिनं आणि पंपसेट तयार व्हायचे, आणि ते तिथे मुख्य इन्स्पेक्टर होते. कामगार त्यांना समोर ‘साहेब’ म्हणत आणि पाठीमागे ‘नोगो’. पाठीमागचं नाव त्यांना माहीत होतं आणि त्यांना ते आवडतही असावं.

ज्यांनी कारखाना पाहिलेला नाही त्यांच्यासाठी हे नाव कुठून आलं ते सांगतो. एखाद्या भागाला पाडलेलं भोक बरोबर मापाचं आहे की नाही, हे प्लग गेजनं तपासतात. गेजला दोन टोकं असतात. एक ‘गो’, ते भोकात सहज गेलं पाहिजे. दुसरं ‘नो-गो’, ते किंचित जाड असतं आणि ते आत जाता कामा नये. दोन्ही टोकं गेली तर भोक सैल, माल रिजेक्ट. नवीन पोरं गो लावून खूश व्हायची आणि नो-गो लावायची विसरायची. साहेब मागे येऊन उभे राहत आणि शांतपणे म्हणत, “गो काय, विहिरीतसुद्धा जाईल. दुसरं टोक लाव.”

साहेबांनी हे दुसरं टोक कारखान्याबाहेरही सगळीकडे लावलं होतं.

गेटसमोर चहाच्या दोन टपऱ्या होत्या. एकदा दुपारी चारला साहेब पहिल्या टपरीवर गेले आणि त्यांनी विचारलं, “दूध आत्ताचं का?” टपरीवाला म्हणाला, “आत्ताच आलंय, साहेब.” ते तसेच दुसरीकडे वळले आणि तोच प्रश्न विचारला. दुसरा म्हणाला, “सकाळचंय. उकळून उकळून आटलंय.” पुढची अकरा वर्षं आमचा सगळा विभाग त्या आटलेल्या दुधाचा चहा प्यायला. पिंपळे गुरवला ते ज्या शेतकऱ्याच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहत, तो मला एकदा म्हणाला होता, “मानूस लाखाचा हाय वो. पर मुलीला बघाया पाव्हनं आलं, की आमी ह्यांना घरात न्हाई बोलवत.” आणि वहिनी, म्हणजे साहेबांच्या पत्नी, हसून सांगायच्या, “साडी कशी दिसते, हे मी यांना लग्नापासून एकदाच विचारलं.”

मला नोकरीवर त्यांनीच घेतलं. मी चाकणचा. आमच्या घरात माझ्याआधी कोणी सातवीच्या पुढे गेलेलं नव्हतं. वडील कांद्याच्या बाजारात तोलाईचं काम करत, आई निवडायला जाई. शाळेतल्या मास्तरांनी पुण्याच्या कॉलेजात नाव घातलं म्हणून मी बी.एस्सी. झालो. मुलाखतीला आम्ही दहा-बारा जण होतो आणि बहुतेकांच्या बुटांना पॉलिश होतं. साहेबांनी टेबलावर मायक्रोमीटर ठेवला आणि विचारलं, “हा वापरलायस?” मी म्हणालो, “नाही. पुस्तकात चित्र पाहिलंय. हातात आजच घेतोय.” बाहेर बाकीच्यांनी मला सांगितलं, की त्यांनी सगळ्यांनी ‘हो’ म्हटलं होतं. एसटीत बसेपर्यंत मी स्वतःला शिव्या देत होतो. आठ दिवसांनी पत्र आलं, कामावर हजर व्हा.

मला का घेतलं ते त्यांनी कधी सांगितलं नाही. पुढे चार वर्षं त्यांच्या हाताखाली काढल्यावर सांगायची गरजही उरली नाही.

सत्तरच्या दशकाच्या मध्यावर आमच्या कंपनीला केनियातून मागणी आली. नैरोबीतले एक गुजराती व्यापारी उत्तरेच्या वाळवंटात पाच ठिकाणी पंप बसवणार होते. त्या भागात एक मोठं खारं सरोवर होतं, आणि त्याच्या आसपास शिकारीला, मासेमारीला, जनावरं पाहायला येणाऱ्या गोऱ्या लोकांसाठी लॉज आणि तंबूंचे कॅम्प उभे राहत होते. पंप बसवून, चालवून दाखवायला आपला माणूस हवा होता. सहा आठवड्यांचं काम होतं. साहेबांनी माझं नाव दिलं.

मी तोवर मुंबईसुद्धा एकदाच पाहिली होती.

आता मी राहायचं कुठे, हा प्रश्न आला. पाचही विहिरींच्या मध्ये पडतील अशा तीन जागा होत्या: सरोवराच्या काठावरचं मोठं लॉज, टेकडीवरचं एक लहान लॉज आणि एका कोरड्या ओढ्यापासून दूर उंचवट्यावर असलेला तंबूंचा कॅम्प. मोठं लॉज त्या व्यापाऱ्याच्याच भाच्याचं होतं. वर्क्स मॅनेजर म्हणाले, “विचार कसला करायचा? तेच लॉज. घरचा माणूस म्हणून ठेवतील.” पण वाळवंट पाहिलेला माणूस सगळ्या कंपनीत एकच होता, म्हणून शिफारशीचा कागद साहेबांच्या टेबलावर आला.

दुसऱ्या महायुद्धात साहेब आफ्रिकेच्या त्या बाजूला होते. कोणी विचारलं तर म्हणत, “मी एक गोळी झाडली नाही. मी पाणी वाटलं.” यापुढे ते बोलत नसत.

त्यांनी मला टाइपरायटरसमोर बसवलं. ते मराठीत सांगत आणि मी माझ्या शाळेतल्या इंग्रजीत उतरवून घेई. तिन्ही जागांना एकच पत्र, दहा प्रश्न. विहीर किती जुनी, लॉरी किती दिवसांनी येते, जवळचा डॉक्टर किती लांब, असे सगळे सरळ प्रश्न होते. सातवा प्रश्न त्यांनी सांगितला आणि माझी बोटं थांबली.

“लिही. आमचा माणूस शुद्ध शाकाहारी आहे. त्याला रोज ताजी पालेभाजी आणि सकाळ-संध्याकाळ आंघोळीला भरपूर गरम पाणी लागतं. मिळेल काय?”

“साहेब, पण मी मटण खातो.”

“मला माहिताय. डब्याचा वास येतो.”

“आणि आंघोळ मी गार पाण्यानं करतो.”

“ते त्यांना कुठं माहिताय? लिही तू.”

उत्तरं यायला दीड महिना लागला. मोठ्या लॉजचं पाकीट सगळ्यांत आधी आलं. जाड कागद आणि आत रंगीत चित्रांची घडीपुस्तिका. निळाशार पोहण्याचा तलाव, काठावर ताडाची झाडं, पांढऱ्या टेबलावर फळांची परडी. पत्रात लिहिलं होतं, की पालेभाजी आमच्याच बागेतली, गरम पाणी चोवीस तास, निश्चिंत या. चाकणच्या विहिरीत पोहायला शिकलेल्या मला तो तलाव सोडवेना. ती पुस्तिका मी घरी नेऊन ट्रंकेत ठेवली होती, हे आज कबूल करायला हरकत नाही.

टेकडीवरच्या लॉजनं लिहिलं, की आपल्या सोयीसाठी सर्वतोपरी प्रयत्न करण्यात येतील. साहेबांनी ते वाचून बाजूला ठेवलं. “नो-गो अर्धा आत गेला,” ते म्हणाले. “अर्धा गेला तरी रिजेक्टच.”

तंबूंच्या कॅम्पकडून आलेलं पत्र निळ्या, पातळ, घडीच्या कागदावर हातानं लिहिलेलं होतं. लिहिणारे एक वयस्कर सरदारजी होते, पूर्वी रस्त्यांची कंत्राटं घेणारे. त्यांनी लिहिलं होतं:

“पालेभाजी मिळणार नाही. मागच्या पावसापासून मीसुद्धा पाहिलेली नाही. आंघोळीला दर माणशी एक बादली, दिवसाआड. पाणी गरम हवं असेल तर बादली उन्हात ठेवावी. लॉरी येते तेव्हा येते. डॉक्टर दोन दिवसांवर आहे आणि तो पितो. विहिरीचं पाणी खारट लागतं, पण मी इथे आल्यापासून आटलेलं नाही. माणसाला टोपी आणि डाळ घेऊन पाठवा.”

साहेबांनी ते पत्र दोनदा वाचलं. मग ड्रॉवरमधून त्यांचा इन्स्पेक्शनचा शिक्का काढला, पास झालेल्या मालाच्या कार्डावर मारायचा तो, सात नंबरचा, आणि पत्राच्या कोपऱ्यात उमटवला.

मी रडकुंडीला आलो होतो. कँटीनमध्ये त्यांच्या समोर बसून मी धीर करून म्हणालो, “साहेब, दुसरे लोक सगळं देतो म्हणताहेत. तुम्ही ‘नाही’ म्हणणाऱ्याकडे का पाठवताय?”

“तलाव पाहिलास ना चित्रात?”

“पाहिला.”

“एवढं पाणी ज्याच्याकडे आहे, तो आपल्याकडे पंप कशाला मागतोय?”

त्यांनी चहा बशीत ओतला. मग त्यांनी जे सांगितलं ते मी त्यांच्या तोंडून एकदाच ऐकलं. त्यांची लॉऱ्यांची रांग एका ठाण्यावर थांबली होती. पाणी भरून घ्यायचं की पुढे जायचं? ठाण्यावरचा माणूस म्हणाला, पुढच्या विहिरीला पाणी आहे. तो वाईट नव्हता. त्याला समोरच्यांना नाराज करायचं नव्हतं, एवढंच. पुढच्या विहिरीत वाळू होती. ते सगळे लॉरीच्या रेडिएटरमधलं पाणी कपड्यानं गाळून प्यायले. साहेबांच्या शेजारी बसणारा साताऱ्याकडचा एक मुलगा तिथेच राहिला.

“वाळवंटात उन्हानं माणूस मरतो असं लोक समजतात,” ते म्हणाले. “नुसत्या ‘आहे’ म्हणण्यानं मरतो.” आणि उठून त्यांनी कपबशी स्वतः विसळून ठेवली.

वर्क्स मॅनेजरांना शिफारस मुळीच पटली नाही. त्यांनी साहेबांना केबिनमध्ये बोलावलं. मीही होतो.

“साहेब, तुम्ही मुलाला कामाला पाठवताय की काळ्या पाण्याला?”

“काळं नाही. खारट.”

“थट्टा नको. गिऱ्हाईक स्वतःच्या लॉजात बोलावतंय आणि आपला इंजिनिअर तंबूत राहणार? तिकडचे लोक काय म्हणतील? उद्या काम अडलं, मुलगा आजारी पडला, तर?”

“तर माझी चूक. तसं लिहा, मी सही करतो.”

मॅनेजरांनी खरोखरच तसं लिहिलं आणि साहेबांनी खरोखरच सही केली. निवृत्तीला त्यांची तीन-चार वर्षं राहिली होती. त्या कागदाचा अर्थ काय, हे केबिनमधल्या तिघांनाही कळत होतं.

एक अडचण राहिली होती, ती म्हणजे माझी आई. तिनं पासपोर्टचे फोटोही काढू दिले होते, पण जायचं ठरल्यावर ती जेवेना. शेवटी वडिलांनी साहेबांना निरोप धाडला. एका रविवारी साहेब छत्री घेऊन एसटीनं चाकणला आले. आमच्या घरी त्यांना बसायला शेजारून खुर्ची आणली होती. ते सतरंजीवर बसले.

आईनं चहा दिला आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली.

“साहेब, आमाला त्यातलं काय कळत न्हाई. तुमी शिकलेली मान्सं. येकच सांगा. माजा पोरगा धडधाकट परत येईल का? तुमी शबूद देता का?”

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. कोणताही माणूस अशा वेळी जे म्हणतो, ते मी मनातल्या मनात साहेबांच्या वतीनं म्हणून टाकलं होतं. साहेबांनी बशी खाली ठेवली.

“नाही, ताई. तो शब्द मला देता येणार नाही. इतक्या लांबचं मला काय माहीत? मी एवढंच सांगतो, की जिथं पाठवतोय तिथं प्यायला पाणी आहे. बाकी काही नाही.”

मला वाटलं, संपलं. आई आत गेली. थोड्या वेळानं बाहेर आली ती माझी टोपी घेऊन, आणि तिनं ती माझ्या ट्रंकेवर ठेवली.

विमान, नैरोबी, तिथून लॉरीनं तीन दिवस, हे सगळं सांगत बसत नाही. कॅम्प पत्रात होता तसाच निघाला. उंचवट्यावर सात तंबू, स्वयंपाकाची एक पत्र्याची खोली आणि विहिरीवर हातपंप. वारा असा, की ताटातल्या डाळीत वाळूचा थर बसायचा. सरदारजींनी पहिल्याच दिवशी माझ्यापुढे बादली ठेवली आणि हिंदीत म्हणाले, “ही तुझी. परवापर्यंत दुसरी मागू नको.” पहिले चार दिवस मी पिंपरीतल्या एका माणसाला मनातून फार वाईट बोललो.

पाचव्या दिवशी मी कामासाठी सरोवराकाठच्या लॉजवर गेलो. ताडाची झाडं होती. तलावही होता. तलावात, सावली बघून, एक सुतार बसला होता आणि मोडक्या खाटा दुरुस्त करत होता. बागेच्या जागी वाळलेल्या काटक्यांच्या दोन ओळी होत्या. व्यापाऱ्याचा भाचा मोठा अगत्यशील माणूस होता. त्यानं मला फळांचा डबा फोडून दिला आणि म्हणाला, “चित्र काढलं त्या साली पाऊस झाला होता. तुमचा पंप बसला की पुन्हा तसंच होईल.” तोवर तिथे पाणी टँकरनं येत होतं.

तिसऱ्या आठवड्यात तो टँकर आला नाही. कुठेतरी वाटेत त्याचा आस मोडला होता, हे पुढे कळलं. चौथ्या दिवशी लॉजची गाडी आमच्या उंचवट्यावर आली. गाडीत भाचा, चार पाहुणे आणि रिकामी पिंपं. सरदारजींनी एकाही शब्दानं टोमणा मारला नाही. पिण्याला लागेल तेवढं दिलं आणि प्रत्येकापुढे एक एक बादली ठेवून माझ्याकडे बोट दाखवलं, “हा पुण्याकडचा इंजिनिअरसुद्धा एवढ्यातच भागवतो.” एक जाडजूड पाहुणे बादलीकडे बघत म्हणाले, “आमच्या लॉजवर सांगितलं होतं, की गरम पाणी चोवीस तास.” सरदारजी म्हणाले, “उन्हात ठेवा. दुपारपर्यंत होईल.”

त्या आठवड्यात लॉजवरची सगळी माणसं आमच्याकडे आली. मी मात्र रोज सकाळी पाण्याचा कॅन भरून घेऊन उलट दिशेनं त्यांच्या लॉजवर जात होतो, कारण पंप तिथेच बसवायचा होता. मी लॉजवर उतरलो असतो, तर त्यांच्याबरोबर मलाही काम टाकून निघावं लागलं असतं. टँकर चुकल्यापासून आठव्या दिवशी इंजिन धडधडलं; भाचा आणि सुतार त्या दिवशी माझ्याबरोबर आले होते. पाइपातून आधी हवा आली, मग लाल गाळ, मग पाणी. व्यापाऱ्याचा भाचा डोक्यावरून ओंजळी ओतून घेत होता. सुतारानं खाटा तलावातून बाहेर काढायला सुरुवात केली. ज्या पंपाचा एक एक बुश (दांडा ज्यात फिरतो ती नळी) आमच्या खोलीत, त्या कांडीच्या दोन्ही टोकांनी तपासला गेला होता, तो पंप त्या ओसाड मुलखात पाणी देत होता, आणि चाकणच्या शाळेतला मुलगा तो चालवत होता. एवढा अभिमान मला पदवीच्या दिवशीही वाटला नव्हता.

पाचही पंप ठरल्या दिवशी चालू झाले. मी साहेबांना एक कार्ड पाठवलं: “पाणी आहे. पालेभाजी नाही.” परत आलो तेव्हा ते इन्स्पेक्शनच्या खोलीत फळ्याला टाचणीनं लावलेलं होतं, कोपऱ्यात सात नंबरचा शिक्का. वर्क्स मॅनेजर साहेबांच्या सहीचा तो कागद स्वतः घेऊन आले आणि म्हणाले, “हा फाडू का?” साहेब म्हणाले, “कशाला? काम अडलं असतं तर ठेवलाच असता ना. आताही ठेवा.” तो कागद अजून कंपनीच्या फायलीत असेल.

मी सुखरूप आल्याबद्दल आईनं साहेबांना आणि वहिनींना जेवायला बोलावलं. खास बोकडाचं मटण केलं होतं. आम्ही पुरुष पंगतीला बसलो. मी आणि वडील मुकाट्यानं जेवत होतो. आईनं साहेबांच्या पुढे वाकून विचारलं, “कालवण बरं झालंय का, साहेब?”

“मीठ जास्त पडलंय, ताई.”

वहिनींनी कपाळाला हात लावला. आईनं पळीतला रस्सा तळहातावर घेऊन चाखला. “व्हय की,” ती म्हणाली. “आन् ही बापल्योक कशी गप गिळत्यात बघा.” आणि ती हसायला लागली. पाण्याचा तांब्या साहेबांपुढे सरकवून ती तिथेच खाली बसली.

“साहेब, तुमाला येक सांगू का? त्या दिशी मी तुमाला इचारलं, पोरगा येईल का म्हनून. आता मला का कळत न्हाई, ते कुनाला ठावं आसतं? तुमी जर ‘व्हय, येईल’ म्हनला आसता ना, तर मी ह्याला उंबऱ्याभाईर पाय टाकू दिला नसता. तुमी न्हाई म्हनला, म्हनून पानी हाय म्हनला त्ये खरं धरलं.”

साहेबांचा हात ताटातच राहिला. मीठ जास्त असलेला रस्सा त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतला.

संध्याकाळी मी त्यांना एसटी स्टँडवर सोडायला निघालो. वहिनी पुढे आईबरोबर चालत होत्या. कांद्याच्या बाजाराच्या भिंतीकडेनं साहेब माझ्याबरोबर चालत होते. मग त्यांनी खिशातला गेज काढला, फ्लॅनेल उलगडलं, पुन्हा गुंडाळलं आणि म्हणाले, “आयुष्यभर मी हा लोकांना लावला. मला कधी कोणी लावला नव्हता. कळलंसुद्धा नाही मला.”

दोन पावलं पुढे जाऊन त्यांनी विचारलं, “पास झालो म्हणायचं का रे?”

“हो, साहेब,” मी म्हणालो.

ते थांबले. चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघत म्हणाले, “असं लगेच हो म्हणू नकोस. विचार कर आणि उद्या सांग.”